गांजाचा प्रश्न : धाक नको, शिक्षण हवे

(सिल्लोड येथे पालक आणि कार्यकर्ते यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गांजा हा शब्द मराठी घरात सहसा दोनच प्रसंगी उच्चारला जातो. महाशिवरात्रीला किंवा जत्रेत, साधूच्या धुनीजवळची चिलीम पाहून, तो हसत उच्चारला जातो. दुसऱ्यांदा तो उच्चारला जातो तो घरचाच मुलगा ओढताना सापडल्यावर. आणि तेव्हा दार लावून घेतलेले असते. या हसण्याच्या आणि दार लावण्याच्या मध्ये पुष्कळ काही बोलावयाचे असते. ते कोणी बोलत नाही. शाळा म्हणते, हे घराचे काम. घर म्हणते, शाळेने सांगावे. गाव म्हणते, पोलीस बघून घेतील. मग मुलगा हा विषय शिकतो तो त्याच्याहून दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या, टपरीच्या आडोशाला उभ्या राहणाऱ्या मित्राकडून. गांजाविषयीचे शिक्षण आजही दिले जाते. ते फक्त चुकीच्या ठिकाणी दिले जाते.

सिल्लोड हे काही महानगर नव्हे. कापूस, मका आणि मिरची यांवर जगणारा हा तालुका आहे. छत्रपती संभाजीनगराहून जळगावकडे जाणारा हमरस्ता येथून जातो आणि रस्त्याबरोबर जगातले बरेवाईट सारेच गावात येते. शाळा सुटलेली पोरे मिरचीच्या हंगामात गोण्या भरतात, गाड्या लादतात. हंगाम सरला की रिकामी होतात. शिकलेली पोरे पोलीस भरतीची वा स्पर्धा परीक्षेची तयारी करीत वर्षांमागून वर्षे काढतात. पाऊस रुसला की शेती, नोकरी आणि लग्न तिन्ही एकदमच अडतात. मराठवाड्यातील ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले तर निम्मे वर्ष आजी-आजोबांच्या भरवशावर असतात. म्हणून या विवेचनात ‘पालक’ हा शब्द आई-बापांपुरता घ्यावयाचा नाही. आजी, मामा, थोरला भाऊ, वसतिगृहाचा अधीक्षक, ज्याच्या गॅरेजमध्ये पोरगा काम शिकतो तो मिस्त्री, हे सारेच पालक होत.

प्रमाणाचे भान

प्रश्न केवढा आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या भारतीयांपैकी २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी आदल्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. त्यांपैकी भांग घेणारे सुमारे २ कोटी २० लाख, तर गांजा-चरस ओढणारे सुमारे १ कोटी ३० लाख होते. ज्यांना या व्यसनासाठी मदतीची गरज आहे, असे लोक सुमारे ७२ लाख भरले. त्याच पाहणीत दारू पिणारे सुमारे १६ कोटी आढळले आणि मदतीची गरज असलेले मद्यपी ५ कोटी ७० लाख.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. गांजा ओढणारा प्रत्येक जण व्यसनाधीन होतो, हे खरे नाही. पण ७२ लाख ही संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही. दुसरी गोष्ट अशी की, दारू आणि तंबाखू यांना मोकळे सोडून गांजावर तुटून पडणारा उपदेश तरुणांना ढोंग वाटतो, आणि तसे वाटण्यात त्यांचे फारसे चुकत नाही. गालात तंबाखूची चिमूट धरून गांजाविरुद्ध बोलणाऱ्या वडीलधाऱ्याचे शब्द मुलाच्या कानाशीच अडतात. शिवाय येथे बहुतेक ठिकाणी गांजा तंबाखूत मिसळूनच ओढला जातो. त्यामुळे जेथे विडी-सिगारेट सहज मिळते, तेथे गांजाची निम्मी वाट आधीच तयार झालेली असते. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे. हा कायदा शाळेच्या फाटकासमोर पाळला जातो की नाही, हे पाहणे ही गांजाविरोधी कामाची पहिली पायरी आहे.

तरुणांच्या प्रश्नांना उत्तर

आजचा तरुण हातात मोबाईल घेऊन वाद घालतो. तो विचारतो, भांग सरकारमान्य दुकानात मिळते, मग गांजा गुन्हा कसा? कॅनडाने २०१८ साली आणि जर्मनीने २०२४ साली प्रौढांना गांजा मोकळा केला, मग भारतातच बंदी का? शंकराला जे चालते ते माणसाला का चालू नये? या प्रश्नांना ‘गप्प बैस’ हे उत्तर नव्हे. इतिहास आणि विज्ञान यांची थोडी तयारी असेल, तर त्यांना सरळ उत्तर देता येते.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे आहेत. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि राळेचा चरस. ब्रिटिश सरकारने या पदार्थांवर अबकारी कर लावून परवान्याने विक्री चालविली. १८९३-९४ साली नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने देशभर फिरून हजाराहून अधिक साक्षी नोंदविल्या आणि बेताचे सेवन फारसे अपायकारक नाही, अतिरेक मात्र अपायकारक आहे, असा निष्कर्ष काढून बंदीऐवजी कर व नियंत्रण यांची शिफारस केली. पुढे १९६१ साली संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थविषयक करार झाला. झाडाची नुसती पाने त्यातील गांजाच्या व्याख्येबाहेर राहिली आणि भारतासारख्या देशांना गांजाचे बिगर-वैद्यकीय सेवन थांबविण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली असताना, १४ नोव्हेंबर १९८५ पासून, अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायदा अमलात आला. गांजा व चरस त्यात आले. भांग राज्यांच्या कायद्यांवर सोपविली गेली. काही राज्यांत ती परवान्याने विकली जाते, महाराष्ट्रात तिला १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे निर्बंध लागू आहेत.

हा इतिहास मुलांपासून लपविण्याचे कारण नाही. गांजाला जगात अनेक ठिकाणी नवे स्थान मिळत आहे, हेही लपवू नये. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढले आणि त्या ठरावाच्या बाजूने भारतानेही मत दिले. परंतु ज्या देशांनी प्रौढांना मुभा दिली, त्यांपैकी कोणीही शाळकरी मुलांना ती दिलेली नाही. प्रौढाने काय करावे, हा वादाचा विषय असू शकतो. पंधरा वर्षांच्या मुलाविषयी तज्ज्ञांत असा वाद उरलेला नाही.

याचे कारण मेंदूच्या वाढीत आहे. माणसाचा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. विचार करून थांबण्याची, परिणाम तोलण्याची शक्ती सर्वांत शेवटी पक्की होते. गांजातील टीएचसी नावाचे द्रव्य नेमक्या या घडणीत हात घालते. ओढल्यावर काही तास स्मरण, लक्ष आणि वेळेचे भान मंदावते. अशा अवस्थेत मोटारसायकल चालविणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. रोज ओढणाऱ्या विद्यार्थ्याचा अभ्यास मागे पडतो आणि मागे पडलेला विद्यार्थी शाळा सोडतो. गांजा ओढणाऱ्या साधारण दहांपैकी एकाला त्याची सवय जडते. पण ज्यांनी किशोरवयात सुरुवात केली, त्यांच्यांत हे प्रमाण सहांपैकी एक असे येते. गांजाचे व्यसन लागतच नाही, हे टपरीवरचे ज्ञान खोटे आहे. नेहमी ओढणारा अचानक थांबला तर त्याची झोप उडते, भूक मंदावते, चिडचिड वाढते. हा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. तेवढ्या काळात घराने मात्र धीर धरावा लागतो.

सर्वांत गंभीर धोका मनोविकाराचा आहे. स्वीडनमध्ये लष्करभरतीच्या वेळी तपासलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेण्यात आला आणि १९८७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भरतीपूर्वी पन्नासाहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत छिन्नमनस्कतेचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळले. या वाढीचा सारा दोष एकट्या गांजाकडे जात नाही. घरातील आनुवंशिक कल, इतर व्यसने, दारिद्र्य यांचाही वाटा असतो. पण पुढील पाहण्यांनीही हीच दिशा दाखविली आहे. ज्या घरात आधीच कोणाला असा आजार झालेला आहे, त्या घरातील मुलाला हे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. शिवाय आजचा गांजा कालचा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त होणाऱ्या गांजात १९९५ साली टीएचसीचे प्रमाण सुमारे चार टक्के होते. २०१४ पर्यंत ते बारा टक्क्यांच्या घरात गेले. आजोबांच्या चिलमीचा दाखला नातवाच्या पुडीला लागू पडेलच असे नाही.

भीतीचे शिक्षण का फसते

आपल्याकडे व्यसनविरोधी कार्यक्रम म्हटला म्हणजे कवटीचे चित्र, शपथ, घोषणा आणि प्रभातफेरी. हे सारे उत्साहाने होते आणि दुसऱ्या दिवशी विसरले जाते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे १९८३ साली गणवेशातील पोलिसांनी वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांविरुद्ध शिकविण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. तो देशभर पसरला आणि त्यावर अमाप पैसा खर्च झाला. पुढे अभ्यासकांनी त्याची वारंवार तपासणी केली, तेव्हा त्या मुलांच्या व्यसनात लक्षणीय फरक पडलेला दिसला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही पुढे असाच कौल दिला : नुसती माहिती आणि नुसती भीती यांनी काम होत नाही. मुलांना बोलते करणे, मित्राला नकार कसा द्यावा याचा प्रत्यक्ष सराव देणे, राग आणि निराशा कशी हाताळावी हे शिकविणे आणि पालकांना शिकविणे, यांनी काम होते.

भीती फसण्याचे कारण साधे आहे. ‘एकदा ओढलास की मेलास’ असे सांगितलेल्या मुलासमोर त्याचा मित्र ओढतो आणि मरत नाही. त्या क्षणी सांगणाऱ्याची पत संपते. आणि पुढे ‘बटन’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांविषयी किंवा गर्दविषयी त्याने खरे सांगितले तरी मुलगा ते ऐकत नाही. खोट्या भयाची किंमत अशी पुढे मोजावी लागते.

घरात काय व्हावे

शिक्षणाची सुरुवात घरात, आणि मुलगा सापडण्यापूर्वी झाली पाहिजे. दहा-बारा वर्षांच्या मुलाशी हा विषय शेतावर जाता-येता, टीव्हीवरील बातमी पाहता-पाहता निघू शकतो. त्यासाठी व्याख्यानाची गरज नसते. आधी त्याला काय ठाऊक आहे ते विचारावे, मग चुकले असेल तेवढे दुरुस्त करावे. मुलीशीही बोलावे, ‘मुलींचा हा प्रश्नच नाही’ या समजुतीने मुलींची मदत उशिरा सुरू होते. शिवाय भावाचे व्यसन घरात सर्वांत आधी बहिणीला कळते, पण तिने बोलावे कोणाशी, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

लाल डोळे, कपड्यांना येणारा वास, अवेळी लागणारी भूक, बदललेले मित्र, घरातून नाहीसे होणारे पैसे, खेळाचा सुटलेला नाद यांची नोंद घ्यावी. यांपैकी एकच खूण म्हणजे पुरावा नव्हे. रात्रभर जागून अभ्यास करणाऱ्याचे डोळेही लाल होतात. संशयावरून झडती आणि झडतीवरून मार, या वाटेने गेलेल्या घरात मुलगा ओढणे थांबवीत नाही, सांगणे थांबवितो. मुलगा नशेत असताना त्याच्याशी वाद घालू नये. तो शुद्धीवर असताना, शक्यतो एकट्या व्यक्तीने, ज्याच्याविषयी त्याला आदर आहे अशाने, तीन गोष्टी विचाराव्यात : केव्हापासून, किती, आणि कशासाठी. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा गांजाबाहेर सापडते. कोणाला झोप लागत नसते, कोणी भरतीत तिसऱ्यांदा बाद झालेला असतो, कोणाच्या घरी बाप रोज पिऊन आईला मारीत असतो.

लग्न लावून दिले की सुधारेल, हा उपाय तर सर्वांत अन्यायाचा. त्यात एकाच्या व्यसनासाठी दुसऱ्या घरच्या मुलीचे आयुष्य गहाण पडते.

कायदा : काय ठाऊक असावे

अब्रूच्या भीतीने घर गप्प राहते आणि पोलिसांच्या भीतीने उपचार टळतात. म्हणून कार्यकर्त्याला कायदा नेमका ठाऊक असला पाहिजे. गांजाचे झाड लावणे हा दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा आहे. कपाशीत वा तुरीत लपविलेल्या झाडांनाही तोच नियम आहे. कोणाच्या सांगण्यावरून दोन पैशांसाठी ती जोखीम घेणाऱ्या शेतकऱ्याने हे समजून घ्यावे. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याने ‘अल्प प्रमाण’, तर वीस किलोंहून अधिक ‘व्यापारी प्रमाण’ ठरतो. व्यापारी प्रमाणासाठी दहा ते वीस वर्षांची शिक्षा आहे. नुसत्या सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

परंतु याच कायद्यात कलम ६४-अ आहे, आणि ते फार थोड्या घरांना ठाऊक आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने सरकारी वा सरकारमान्य संस्थेत उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याच्यावर त्यासाठी खटला चालविता येत नाही. कलम ३९ अन्वये न्यायालय दोषी ठरलेल्या व्यसनी माणसालाही, त्याची संमती असल्यास, उपचारासाठी मुक्त करू शकते. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. उलट, मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला किंवा त्याच्याकरवी पुड्या विकणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा असा व्यसनी आणि व्यापारी यांत फरक करतो. व्यवहारात मात्र तो फरक पुसला जातो. ज्याच्या बापाला वकील परवडतो, त्याचा मुलगा शहरातल्या खासगी केंद्रात जातो. ज्याचा बाप रोजंदारीवर आहे, त्याचा मुलगा कोठडीत जातो, त्याची भरतीची संधी जाते, आणि माल पाठविणारा मात्र कोठेतरी दूर सुखरूप राहतो. कलम ६४-अ झोपडीपर्यंत पोहोचविणे हे म्हणूनच कार्यकर्त्याचे काम आहे.

उपचार आणि गाव

महाराष्ट्राला या बाबतीत दूर पाहावयास नको. पुण्यात ऐंशीच्या दशकात गर्दने तरुण पोखरले जात असता डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली ‘मुक्तांगण’ उभे राहिले. व्यसनी हा गुन्हेगार नसून आजारी माणूस आहे आणि त्याच्या घरालाही उपचारात सामील करून घेतले पाहिजे, ही दृष्टी तेथे रुजली. मारहाण करणारे, साखळीने बांधणारे केंद्र मग बेकायदा ठरते, हे आज २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही स्पष्ट केले आहे. पालकांनी अशा केंद्राच्या जाहिरातीला भुलू नये. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. त्यासाठी पैसे पडत नाहीत. हे दोन आकडे प्रत्येक शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि तालमीच्या भिंतीवर रंगविले पाहिजेत.

परंतु उपचार ही नंतरची गोष्ट झाली. आइसलँड या छोट्या देशाने आधीची गोष्ट करून दाखविली. १९९८ साली तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी १७ टक्क्यांनी गांजा ओढलेला होता. २०१६ साली हे प्रमाण ७ टक्क्यांवर आले. आदल्या महिन्यात दारूने झिंगलेल्यांचे प्रमाण ४२ वरून ५ टक्क्यांवर उतरले. तेथे शाळाशाळांत पालकांच्या संघटना झाल्या, रात्री उशिरा मुलांनी बाहेर हिंडण्यावर मर्यादा आली. आणि मुख्य म्हणजे सरकारने खेळ, संगीत, नृत्य यांवर खर्च केला, गरिबाच्या मुलालाही त्यांचा लाभ मिळेल अशी तजवीज केली. आइसलँड श्रीमंत आहे आणि चिमुकला आहे, हे खरे. पण संध्याकाळी मुलांना मैदान, गाणे आणि सोबत देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा आणि कलापथके १९४१ पासून हेच करीत आली. मैदाने प्लॉट पाडून विकली गेली, वाचनालयांना कुलपे लागली. त्या जागी टपऱ्या आल्या. मुलांच्या संध्याकाळची मालकी गावाने अशी सोडून दिली.

ती परत घेण्याचे साधन गावाच्या हाती आहे. शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समित्या आल्या आणि त्यांत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१६ च्या निकालात मुलांमधील व्यसनांची देशव्यापी पाहणी, राष्ट्रीय आराखडा आणि शालेय अभ्यासक्रमात या विषयाचा समावेश, असे तिन्ही आदेश दिले होते. त्या आदेशाचा आधार घेऊन प्रत्येक समितीने वर्षातून निदान दोन बैठका या एका विषयावर घ्याव्यात : एक मुलांची, जीत मोठ्यांनी कमी बोलावे, आणि एक पालकांची, जीत आजी-आजोबांना मुद्दाम बोलवावे. शाळेसमोरची तंबाखूविक्री थांबवावी. मैदान आणि वाचनालय यांसाठी ग्रामसभेत ठराव आणावा. आणि एखाद्या घरातून रात्री निरोप आला, की पोरगा सापडला आहे, तर तेथे जाणाऱ्या कार्यकर्त्याने प्रथम दार उघडे ठेवावयास सांगावे, मारणारा हात धरावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बापाबरोबर आणि पोराबरोबर एसटीने घाटीपर्यंत जावे.